रुसलेला व्हॉल्व्ह

लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या घरी येणारा मिस्त्री कुठलंही यंत्र 'बिघडलं' म्हणत नाही, 'रुसलं' म्हणतो. स्विमिंग पूल त्याच्या लेखी हौद, गरम पाण्याचा टब न्हाणी. परवा या दोन्हींत पाणी वळवणारा, मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह अडकला आणि हौदाचं पाणी न्हाणीतून उतू जायला लागलं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरच्या माणसाला हे बघवत नाही. मिस्त्रीनं चपला काढल्या, मोटर सोडवून फिरवून पाहिली.

"मोटर बेस हाय. जावई आतून रुसलाय."

त्यानं झाकण खोललं, रबराला ग्रीस लावलं, व्हॉल्व्ह थोपटला. "उठा पाव्हणं, लई झालं." व्हॉल्व्ह फिरला!

काल तो पुन्हा अडकला. आसपास कुणी नाही हे बघून मीही थोपटलं, "उठा पाव्हणं." ढिम्म. शेवटी मिस्त्रीला फोन करून सगळं सांगितलं.

त्यानं गंभीरपणे विचारलं, "साहेब, चपला काढल्या व्हत्या का?"