आईच्या बोलण्यातले अलंकार

दुष्काळाच्या साली मी नववीत होते. सोनईजवळच्या आमच्या गावातली निम्मी माणसं सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जायची, आईही जायची. त्याच वर्षी शाळेत मराठीला एक तरुण सर आले. अलंकारांचा धडा काढला आणि दोन मिनिटांत त्यांनी पुस्तक मिटलं.

"यात सगळ्यांचे डोळे कमळासारखे. तुमच्यापैकी कमळ पाहिलंय कुणी? घरात माणसं कशी बोलतात ते ऐका आणि लिहून आणा."

मी ते फार मनावर घेतलं. संध्याकाळी भाकरी थापताना आई दिवसभराचं सांगायची, मी कान देऊन बसायची. "ऊन मुकादमावानी डोक्यावर हुबं हुतं," ती म्हणाली, तशी मी परसात जाऊन ते वहीत उतरवलं. शेजारी लिहिलं, उपमा. "हातोड्याला बी ताप आला आज." चेतनगुणोक्ती. सर तांबड्या शाईनं 'सुंदर' लिहायचे. एकदा म्हणाले, "तुझा कान फार चांगला आहे." असं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं.

वर्ष संपताना वही भरली. "सुट्टीत निवांत वाचतो," म्हणून सरांनी ती नेली. सुट्टीतच त्यांची श्रीरामपूरला बदली झाली. मी कार्ड टाकलं. उत्तर आलं, 'वही जपून ठेवली आहे.' तेवढ्यावरही मी खूश होते.

दहावीत नव्या बाईंनी एक छापील मार्गदर्शक आणलं. त्यातलं वाक्य वाचून मला विचारलं, "'ऊन जणू मुकादमच, माथ्यावर उभे होते.' अलंकार कोणता?"

माझ्या तोंडून निघालं, "उपमा."

"चूक. 'जणू' आलं की उत्प्रेक्षा."

"पण बाई, त्यात जणू नाही. वानी आहे."

वर्ग हसला. बाईंनी मला खाली बसवलं. मधल्या सुट्टीत मी पुस्तक मागून घेतलं. वर सरांचं नाव होतं, आत छापलं होतं, 'उदाहरणे लेखकाची स्वतःची आहेत.' पानामागून पान माझ्या वहीतलं निघालं, फक्त शुद्ध करून घेतलेलं.

त्या हिवाळ्यात सर गॅदरिंगला पाहुणे म्हणून आले. शिक्षकांच्या खोलीबाहेर मी त्यांना गाठलं.

"सर, माझी वही?"

"छापखान्यात राहिली बहुतेक."

"त्यातली वाक्यं पुस्तकात आहेत."

ते हसले, नेहमीसारखेच, प्रेमानं. "मग आनंद मान ना. नववीतल्या मुलीचं नाव घातलं असतं तर पुस्तक कोणी घेतलं असतं का? आणि अगं, ती वाक्यं तुझी तरी कुठं होती?"

आतून कुणीतरी हाक मारली, ते गेले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल, सरांना चार शब्द बोलेल. मी बाईंकडून मागून आणलेलं पुस्तक तिनं माझ्याकडून वाचून घेतलं.

"मी आसं बोलत न्हाई," ती म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटत, "तू माजं बोलनं लिव्हून घेत हुतीस?"

"शाळेसाठी, आई."

"मला सांगितलं न्हाईस."

"मला वाटलं, त्यात काय सांगायचं."

तिनं तवा उतरवला, ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तेव्हा मी विचारलं, आज ऊन होतं का फार.

"हुतं," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली. पुढं बरेच दिवस ती माझ्यासमोर कामापुरतंच बोलायची. ती बापाशी बोलत असताना मी आत आले, तर मधेच थांबायची.