भाल्याला बांधायचा रुमाल

आमचे भाऊजी प्रेमानंद म्हणजे मानपानाचं चालतं-बोलतं दुकान! इथे परदेशात, हॅमिल्टनला स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर, पण बाबासाहेबांच्या जयंतीला खुर्च्या तेच मांडणार, पाहुण्यांना हार तेच घालणार, आणि माझ्या ताईला, कमलला, बसवणार कुठे? शेवटच्या रांगेत, वॉशरूमच्या दाराशी. "आधी पाहुणे, मग घरचे," हे ठरलेलं. ताई कधी बोलायची नाही. धुसफुसायची मीच.

भाऊजींचे वडील अमरावतीत टांगा हाकायचे, त्यामुळे घोडा दिसला की हे पोरासारखे होतात. गावाबाहेरच्या एका तबेल्यात रविवारी हौसेनं खरारा करायला जातात. तबेल्याची मंडळी दर उन्हाळ्यात जुन्या युरोपातल्या, घोड्यावरून भाल्यानं खेळायच्या झुंजीची जत्रा भरवतात. तबेल्यात अशाच एका स्वाराच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्राची मोठी प्रत टांगलेली आहे. भाऊजी तिच्यासमोर माझा क्लासच घ्यायचे.

"हे बघ कोमल, या चित्राच्या काळापर्यंत झुंजीत लढाई कमी आणि मिरवणूकच जास्त झाली होती. घोड्याच्या झुलीवर काढलेला कुत्रा म्हणजे इमान. निळा रंगही इमानाचाच. आणि स्वाराच्या दंडावरचा हा रुमाल बघ. ज्या बाईसाठी तो मैदानात उतरलाय, तिनं सगळ्यांदेखत दिलाय. एवढ्या थाटात मुद्द्याचं तेवढंच."

अगंबाई, म्हटलं, यांना कळतं तर सगळं!

मागच्या उन्हाळ्यात एक स्वार ऐनवेळी आजारी पडला आणि भाऊजींना घोड्यावर बसवायचं ठरलं. झुंजायचं नव्हतं. नुसतं मिरवायचं, आणि एका बाईपुढे भाला झुकवायचा. ती त्याला रुमाल बांधणार. ताईनं निळ्या रुमालाला पांढऱ्या दोऱ्यानं हातानं काठ घातला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी माझ्याकडे वळून पाहिलं नाही यांनी," म्हणाली. "आता बघ." नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली.

भाऊजी आले. डोक्यावर तुरा, घोड्यावर झूल, काय रुबाब! ताईनं पर्समधून रुमाल काढला. भाऊजींनी तो पाहिला, मी शपथेवर सांगते, पाहिला. आणि शेजारच्या प्रमुख पाहुण्यांच्या बायकोपुढे भाला झुकवला. ती बिचारी गडबडली, गळ्यातला स्कार्फ सोडून बांधला. टाळ्या पडल्या. ताईनंही वाजवल्या, रुमाल मुठीत धरून.

पार्किंगमध्ये मी भांडलेच. "अहो, ताई समोर बसली होती!"

"अगं, पाहुण्यांचा मान नको का ठेवायला? ती तर घरचीच."

ताई गाडीत जाऊन बसली. पुढच्या रविवारी भाऊजी त्या चित्रासमोर उभे राहिले तेव्हा कुठे माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. मग वर्षभर हळहळत होते. "चुकलंच माझं," मला दहादा म्हणाले. ताईला एकदाही नाही.

यंदा त्यांनीच हातापाया पडून घोडा मागून घेतला. ताईला काही सांगितलं नाही, मीच तिला ओढून नेलं. ती आपली सवयीनं मागच्या रांगेत बसली. भाऊजी पाहुण्यांच्या रांगेला वळसा घालून सरळ तिच्यासमोर आले. भाला झुकवला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "कमल, तुझा रुमाल दे."

ताई दचकली. पर्स उघडली, चाचपली, परत चाचपली.

"नाही हो आणला," ती म्हणाली. रागानं नाही, खरंच ओशाळून. "माझ्याकडे याल, असं वाटलंच नाही."

शेवटी पर्समधला टिश्यू तिनं भाल्याला गुंडाळला. लोक हसले. घोडा वळेपर्यंत वाऱ्यानं तो उडालासुद्धा. भाऊजी भर मिरवणुकीत खाली उतरले आणि चिखलात वाकून तो शोधत राहिले.