मिस्त्रींचा कान

मी शिंपी. शेजारच्या दुकानात सायकलवाले मिस्त्री. त्यांच्यापुढे कुणाची बोलायची सोय नव्हती. चाळीस वर्षं त्यांचा एकच खाक्या: सायकल स्टँडला लावायची, पायडल फिरवायचं, डोळे मिटायचे आणि दोष सांगायचा. पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक ढिला असला, की दर फेरीला 'कट्' वाजतं. सुरुवातीचं हे ढिलेपण हाताला लागत नाही, कानालाच कळतं. हाताला लागेपर्यंत क्रँकचं चौकोनी भोक झिजून गेलेलं असतं. मग कितीही आवळा, पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या वर्षी त्यांचा कान गेला. मोठ्यानं बोललेलं कळे, बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, एक ते सोडून. सांगणार कोण? मीही शेपूट घातली.

त्यांची लेक नर्स, रोज सायकलनं दवाखान्यात जायची. एका सकाळी म्हणाली, "बाबा, डावीकडे काहीतरी वाजतंय."

मिस्त्रींनी पायडल फिरवलं, डोळे मिटले. "काही नाही गं. वहम आहे तुझा."

मी मशीन थांबवलं होतं. 'कट्' मला स्वच्छ ऐकू आलं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घालून काजं करत बसलो. तीन आठवडे तिनं सायकल तशीच चालवली.

चढावर क्रँक निखळला. ती पडली, मनगट मोडलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, दुसऱ्या हातात क्रँक घेऊन ती दुकानात आली. मिस्त्रींनी भोकातून बोट फिरवलं. चौकोनाचे कोपरे उरलेच नव्हते.

"हे वाजत असणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग बोलायचं ना, लेका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. कुठेतरी वाजतंय म्हणालं. मिस्त्रींनी पायडल फिरवत माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन कान लावला.

"वाजतंय," मी ओरडून सांगितलं.

"कुठे? क्रँक की आतलं बेअरिंग?"

मी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. आवाज येत होता, पण त्यातलं मला शिंप्याला काय कळणार? मी नकारार्थी मान हलवली.

मिस्त्रींनी सायकल स्टँडवरून उतरवली आणि गिऱ्हाइकाच्या हाती दिली.

"चौकात दुसरं दुकान आहे, तिथे दाखवा," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."