आई घरी पोहोचेपर्यंत

किस्से बर्फासारखे साठतात. वर नवा थर पडत राहतो, आणि खालचा कच्चा थर कधी दगा देईल ते सांगता येत नाही. हे ज्ञान माझं नव्हे हं! माझा नवरा संदीप आणि त्याचा मित्र नितीन, दोघे पुण्याचे आयटीवाले, परदेशातल्या आमच्या पॅरामॅटाहून डोंगरात स्कीइंगला जातात. तेही जिथे लिफ्ट नाही, पहारा नाही, अशा उतारांवर! मी घरी जप करत बसते.

*

कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात बीकनची प्रॅक्टिस आमच्या घरातच चालायची. बीकन गळ्यात घालतात. कडा कोसळून कुणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर त्याच्या सिग्नलवरून बाकीचे शोधतात. मी ते तांदळाच्या डब्यात पुरलं. नितीनने लगेच काढलं!

"वहिनी, तांदूळ सोपा. कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो."

*

श्रावणी सोमवार इथे, दक्षिण गोलार्धात, ऐन थंडीत येतो. संदीपची उपासाची खिचडी डोंगरावर डब्यातच गोठली. कुठला थर सुटतोय ते बघायला हे लोक बर्फाचा चौकोन कापून त्यावर फावडं ठेवतात आणि थापट्या मारतात. नितीनने त्या खिचडीवर मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून!

"वहिनींचा साबुदाणा एकदम स्टेबल, मेट!"

*

मग पुण्यात नितीनच्या आईला कोविड झाला. हा एकुलता एक. देशाबाहेर पडायला तेव्हा परवानगी लागायची, ती नाकारली. पुन्हा मागितली, पुन्हा नाकारली. व्हिडिओ कॉलवर मास्क सरकवून आई म्हणाल्या, "बर्फात कानटोपी घाल रे!"

मी देवापुढे बोलले, "त्या हॉस्पिटलमधून घरी पोहोचेपर्यंत मी मीठ खाणार नाही."

आई सकाळी गेल्या. परवानगी त्याच दुपारी आली.

*

पुढच्या शनिवारी दोघे डोंगरात गेले. चढायच्या आधी एकमेकांचं बीकन तपासायचा नेम आहे. नितीनचं बंद होतं.

"चालू कर."

"कशाला? शोधायला कोण येणारे?"

वरच्या उताराला तडे गेले होते. नितीन तिकडेच बघत होता. संदीप म्हणाला, "तुझी वहिनी अजून अळणी जेवतेय. 'आई घरी पोहोचेपर्यंत' असं देवाला बोलून बसलीये. आता तिला कोण सोडवणार?"

नितीन "वेडी आहे का रे ती!" म्हणाला आणि गाडीकडे वळला.

संध्याकाळी दोघे थेट आमच्याकडे आले. मी पानं वाढली. नितीनने फोनवर आईंचा फोटो उघडला आणि फोन तांब्याला टेकवून टेबलावर उभा केला.

"आई घरी पोहोचली, वहिनी. मीठ घ्या."