माइक कुणाच्या हातात

"हे नाव मी माइकवर घेणार नाही," मी म्हणाले.

टूर्नामेंटचे सेक्रेटरी कदमसाहेब घड्याळ बघत होते. मुलींच्या फुटबॉलची पहिली मॅच सुरू व्हायची होती. माझ्या हातात टीम शीट होतं, म्हणजे संघाचं नाव आणि खेळाडूंची यादी. नाव होतं 'चिंकी इलेव्हन'. अकराही मुली मणिपूर-मिझोरमच्या, ग्वाल्हेरला शिकायला आलेल्या. इथल्या हजीऱ्याच्या बाजारात हाच शब्द त्यांच्या पाठीमागून फेकला जातो, तो मी ऐकलाय. रेडिओतून निवृत्त झाल्यावर मी मैदानावर अनाउन्समेंट करते. शिव्या वाचणं त्यात येत नाही.

"मग टीम कॅन्सल, ताई. चीफ गेस्ट घरून निघून चुकलेत. आता बहस नको."

म्हणजे माझ्या सभ्यतेपायी मुली घरी जाणार. मी कॅप्टनला, रेमीला, बोलावलं.

"बेटा, नाम बदल दो ना."

"मॅम, जब से आए हैं, यही सुन रहे हैं. अब हमने रख लिया. हमारा है."

"पर मैं कैसे बोलूँ?"

"आप मत बोलिए," ती हसली. "आपको किसी ने थोड़े ही बोला है. माइक हमें दीजिए."

संघ मैदानात उतरताना मी म्हटलं, "स्वागत कीजिए…" आणि थांबले. माइकची तार आखूड, म्हणून अकरा जणी माझ्या टेबलाभोवती जमल्या आणि नाव ओरडल्या. स्टँडमध्ये काही जण हसायच्या तयारीत होते. त्यांना जमलं नाही.

मुली दोन-एकनं हरल्या. बक्षीस समारंभात चीफ गेस्टनी गळ्यातला हार सावरत माइक घेतला. "और हमारी ये प्यारी-प्यारी चिं…"

अँप्लिफायरचा स्विच माझ्या हाताशी होता.

"लाईट गेली वाटतं," कदमसाहेब म्हणाले. ग्वाल्हेरात यावर कुणी शंका घेत नाही.

रेडिओत मला प्रत्येक शब्द कसा उच्चारायचा ते शिकवलं होतं. कुठला शब्द ज्याचा त्यालाच उच्चारू द्यायचा, ते रेमीनं शिकवलं, आणि माझी मॅचही वाचवली. जाताना मी तिचे मनापासून आभार मानले.

"वो सब ठीक है, मॅम," ती म्हणाली. "अगली बार तार लंबी लाना."

आणली आहे. आता ती मुलींच्या बेंचपर्यंत पोचते. चीफ गेस्टच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.