डोळ्यांचे मापाडी

ये गं सुमे, अशी जवळ बस. पत्रातच बसवून घेते, प्रत्यक्षात तू कुठं येतेस! भोरपर्यंत येऊन परत फिरलीस म्हणे. हिर्डोशी काय परदेशात आहे? तुझ्यापेक्षा आमचे मापाडी बरे, एसटी सोडील तिथून चालत यायचे.

धान्याचे नव्हेत, डोळ्यांचे मापाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा, साठ-सत्तरच्या दरम्यान, खुपऱ्यांनी घरोघर डोळे लाल. सरकारी डॉक्टरांनी दोन तऱ्हेची मलमं वाटली होती, अर्ध्या घरांना एक, अर्ध्यांना दुसरं. कुठल्यानं गुण येतो ते बघायला हे मापाडी दर महिन्याला देवळात तक्ता टांगायचे. त्यावर तीन दातांच्या फण्या, कुठं दात वर, कुठं डावीकडं, ओळीगणिक बारीक होत गेलेल्या. दात जिकडं, तिकडं बोट करून मोठ्यानं सांगायचं.

हसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणायचे, "एका दिवसाचं माप घेऊन काय करू? आज आभाळ असतं, उद्या झोप झालेली नसते. डोळा महिन्यामागून महिने कुठं चाललाय ते मला बघायचंय." हिशेबात एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन माणसं असंही धरू द्यायचे नाहीत. "सख्खे भाऊ ते. एकाला झालं की दुसऱ्याला होतंच."

भातलावणीत कुणी आलं नाही की ते खाचरात उतरायचे. माझा दीर चिडवायचा, "आलेत त्येंचं मापा की! न्हाई आला त्येच्या मागं कशाला चिखल तुडवता?"

"जो येत नाही त्याचाच डोळा बिघडलेला असतो, भाऊ. त्याला सोडलं तर मलम छानच दिसणार."

माझ्या सासूबाईंवर मात्र त्यांचा जीव. आत्याबाई म्हणायचे. गावाची नजर उतरत होती, यांचं माप ढळत नव्हतं. मापाडींचा चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा.

एका पावसाळ्यात तक्ता भिजून फुगला, म्हणून त्यांनी नवा आणला. फण्या त्याच, क्रम वेगळा. सासूबाईंनी ठामपणे बोट वर केलं, "वर." दात डावीकडं होते.

"आत्याबाई, ही सगळ्यांत मोठी. नीट बघा."

"बगतीय की. वर."

मापाडी पायरीवर बसले. "कधीपासून दिसत नाही?"

"लई दिस झालं. बाया मोठ्यानं सांगत्यात, ऐकून पाठ झालं. तुमी एवढं चालत येता, बाबा. म्हातारीचा डोळा गेला म्हनलं असतं तर तुमचं तोंड उतरलं असतं."

"अहो, कळलं असतं तर मी तेव्हाच..." त्यांनी नव्या तक्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं चुकलं नाही. मीच तोच तक्ता टांगत राहिलो."

सासूबाईंना पुण्याला नेलं. आत वळलेल्या पापण्यांच्या केसांनी बुबुळं खरवडून गेली होती. उशीर झाला होता. वरचे साहेब म्हणाले, म्हातारीची मापं काढून टाका. मापाडींनी काढली नाहीत, डोळे गेले म्हणूनच ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, वगळली तर आत्याबाईंचे डोळे गेलेच नाहीत असं होईल."

काम संपलं, बदली झाली. निरोपाला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज माप न्हाई का?"

त्यांनी सासूबाईंच्या तोंडासमोर पंजा धरला.

"न्हाई दिसत," सासूबाई म्हणाल्या.

"बरोबर," ते म्हणाले. तसेच उठले आणि वाटेला लागले. पुन्हा कधी आले नाहीत.

सुमे, माझ्या डाव्या डोळ्यात आता धुकं उतरलंय. तुझ्या आईनं विचारलं की मी "दिसतंय की" म्हणते. तू लवकर ये, चार दिवस राहा. आणि मला विचारशील तेव्हा दर खेपेला काहीतरी वेगळं समोर धर.