बिनखिळ्याची गाडी

गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. एका 'अहो'ने भागलं नाही, की बायकोसुद्धा 'अहो मिस्त्री' अशी हाक मारी, आणि मग ते बरोबर वळून बघत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत कपाटं आणि पलंग बसवले. त्यात एका गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. खिळा ठोकायचा नाही. खाचेत खाच अशी बसली पाहिजे, की फळी हलता कामा नये. आणि उद्या बिऱ्हाड बदललं तर अख्खं कपाट अलगद उचलून नेता आलं पाहिजे. "खिळा म्हणजे सुताराने दिलेली हार," असं ते म्हणायचे.

काम थांबवल्यावर त्यांनी एका बेकरीची जुनी गाडी विकत घेतली. मुलगी तीन दिवसांच्या वाटेवर राहत होती आणि तिला बघून तीन वर्षं झाली होती. बायकोची कंबर तिला दोन तासांच्या वर बसू देत नसे. मग ठरलं, की स्वतःच्याच अंथरुणावर पाठ टेकत, थांबत थांबत जायचं. सहा महिने खपून मिस्त्रींनी त्या गाडीत पलंग केला, ओटा केला, बायकोसाठी पाठीला उशी असलेली बैठक केली आणि बैठकीच्या वर एक देखणं कपाट अडकवलं.

राहिला होता तो विमा. पुतणी विमा कंपनीत होती. रविवारी सकाळी ती फॉर्म घेऊन आली आणि गाडीत शिरून सगळीकडे हात फिरवत म्हणाली, "काका, जीव ओतलात हो! पण कागदावर ही गाडी काय आहे?"

"काय म्हणजे? गाडी."

"कसली?"

"पावाची," बायको ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली. "वास अजून गेला नाही."

पुतणी हसली, पण लगेच गंभीर झाली. "म्हणजे आमच्या लेखी आत पावाचे ट्रेच आहेत. उद्या आग लागली तर भरपाई रिकाम्या डब्याची मिळेल. आधी परिवहन कार्यालयात बदल नोंदवा, मग फिरत्या घराचा विमा निघेल."

"नोंदवू की. त्यात काय एवढं?"

"बरं, पुढचा प्रश्न. आतलं सामान गाडीला कायमचं जोडलेलं आहे?"

मिस्त्री जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी वरचं कपाट दोन्ही हातांनी किंचित उचललं, आणि ते लोण्यातून सुरी निघावी तसं खाचेतून सुटून आलं. "बघ. एक खिळा सापडला तर मिस्त्री म्हणून नाव सांगणार नाही."

पुतणीचं पेन थांबलं. "काका, मग हे गाडीत धरतच नाहीत. बोल्ट हवेत. आरपार."

"आरपार? माझ्या कपाटाला?" मिस्त्रींनी कपाट परत अडकवलं. "तू 'हो' लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

"फोटो लागतात. आणि खोटं लिहिलं, तर नेमक्या अडीअडचणीला क्लेम फेटाळतात. मीच फेटाळते, काका. पगार त्याचाच मिळतो मला."

बायकोने दिलेला चहा निवून गेला तरी मिस्त्री त्याला हात लावेनात. शेवटी पुतणीच उठली. "चला, एक चक्कर मारू. काकू, तुम्ही आज पुढे बसा, आमच्यात."

रिकाम्या मैदानापाशी आल्यावर ती म्हणाली, "आता समोर कुत्रं आलंय असं समजा." मिस्त्रींनी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता. मागे धाडकन आवाज झाला.

तिघं उतरून मागे गेली. कपाट बायकोच्या बैठकीवर पालथं पडलं होतं. उशी फाटली होती. कपाटाला मात्र साधा ओरखडा नव्हता, खाचाही जशाच्या तशा.

"कपाट काय मजबूत केलंय हो," बायको म्हणाली. टोमणा होता की कौतुक, हे मिस्त्रींना कळेना. ते पायरीवर टेकले आणि बराच वेळ फाटक्या उशीकडे बघत राहिले. आजवर त्यांनी सामान केलं ते जागच्या जागी उभ्या असलेल्या घरांसाठी. कुठल्या घराने कधी ब्रेक लावला नव्हता. हातातली कला तीच होती, पण इथे ती कुणाच्या तरी डोक्यावर येऊन पडली असती. आणि ते डोकं कुणाचं, तेही त्यांनी स्वतःच मापं घेऊन ठरवलं होतं.

दुपारी ड्रिल बाहेर आलं. बायकोने खालून फळी धरली. मिस्त्रींनी पेन्सिलीची खूण तीनदा केली, तीनदा पुसली, मग डोळे बारीक करून भोक पाडलं. लाकडाचा भुसा बायकोच्या केसांत पडला, तो त्यांनी फुंकर मारून उडवला.

"बोल्टवर लाकडी टोप्या लावा, दिसणार नाहीत," पुतणी म्हणाली.

"नको. फोटोत दिसू देत."

आठवा बोल्ट आवळून झाल्यावर मिस्त्रींनी कपाटाची कड धरली आणि पाय वर घेऊन चक्क लोंबकळले.

"उतरा मिस्त्री! कपाट नाही पडायचं, तुम्ही पडाल!"

ते उतरले, धापा टाकत. फाटक्या उशीवर त्यांनी चादर दुमडून घातली आणि बायकोला म्हणाले, "बस बघू आता."

ती वर न बघताच बसली.